ओरखडे हाच पुरावा: स्केटबोर्ड शर्यतीच्या साहित्याविषयी

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत आपण अमेरिकेतील स्केटबोर्डपटू ज्युडी ओयामा यांच्या शर्यतीच्या साहित्याविषयी एक छोटी चौकट दिली होती. त्यांचे हे साहित्य वॉशिंग्टनमधील स्मिथसोनियन संस्थेच्या अमेरिकन इतिहासाच्या राष्ट्रीय संग्रहालयात जपले आहे, अशी ती माहिती होती. त्यावर आलेल्या तीन पत्रांपैकी दोन पत्रांचा सूर चेष्टेचा होता. ‘आज जुने हेल्मेट ठेवले, उद्या चपला ठेवतील,’ असे एका वाचकाने लिहिले आहे. ज्या प्रांतात दरवर्षी पादुकांच्या पालख्या निघतात, त्या प्रांतातील माणसाने पायातल्या वस्तूविषयी असा प्रश्न विचारावा याची थोडी गंमत वाटली. परंतु हे पत्र त्या विनोदाला उत्तर देण्यासाठी लिहिलेले नाही. आपल्या चौकटीतील दोन शब्दांविषयी माझी खरी तक्रार आहे. ‘जीर्ण झालेल्या या वस्तूंची साफसफाई करून त्यांना मूळ झळाळी देता येईल,’ असे वाक्य त्यात होते, आणि ‘झळाळी’ व ‘साफसफाई’ हेच ते दोन शब्द. मी आयुष्यभर संग्रहालयांतील वस्तूंच्या जतनाचे काम केले असल्यामुळे याविषयी लिहिल्यावाचून राहवले नाही.

ओयामा कॅलिफोर्नियातील सांताक्रूझ या किनारी गावच्या. त्या जपानी वंशाच्या अमेरिकन असून व्यवसायाने ग्राफिक डिझायनर आहेत. १९७०च्या दशकात त्या स्लॅलम आणि उतारावरच्या शर्यतींत उतरू लागल्या, तेव्हा त्या शर्यतींत मुली अगदी मोजक्याच होत्या. २००३ मध्ये, वयाची चाळिशी उलटल्यावर, त्यांनी स्लॅलमच्या जागतिक स्पर्धेत मास्टर्स, म्हणजे वयाने ज्येष्ठ खेळाडूंच्या, गटाचे अजिंक्यपद मिळवले आणि २०१८ मध्ये स्केटबोर्डिंगच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये त्यांचा समावेश झाला. पहिली शर्यत आणि ते अजिंक्यपद यांच्यामध्ये सुमारे पाव शतकाचे अंतर आहे. एवढ्या काळात खेळाडूचे शरीर बदलते, फळ्या बदलतात, चाके बदलतात, आणि त्या बदलाची नोंद वर्तमानपत्राच्या कात्रणांपेक्षा साहित्यावरच अधिक नेमकी होत असते.

स्लॅलम म्हणजे काय, हे आपल्या अनेक वाचकांना ठाऊक नसेल. उतारावर ठरावीक अंतराने शंकू मांडलेले असतात, त्यांच्यामधून नागमोडी वळत खाली यायचे असते, आणि शंकू पडला की त्यापोटी वेळेत दंडाची भर पडते. निकाल सेकंदाच्या अंशांवर ठरतो. या शर्यतीची फळी गल्लीतल्या मुलांच्या फळीपेक्षा अरुंद असते. चाके ज्यावर बसवतात त्या आसाच्या जोडणीला या खेळात ‘ट्रक’ म्हणतात (मालवाहू ट्रकशी त्याचा काही संबंध नाही). पुढचा ट्रक अधिक वळणारा आणि मागचा कमी वळणारा ठेवतात, म्हणजे फळी पुढच्या बाजूने दिशा बदलते आणि मागची बाजू स्थिर राहते. निष्णात खेळाडू जमिनीला पाय न लावता, केवळ कंबर आणि गुडघे यांच्या लयीने, प्रत्येक वळणात शरीराचा भार टाकून आणि काढून वेग वाढवत नेतो. झोपाळ्यावर उभे राहून झोका चढवणाऱ्या मुलीची जी युक्ती, तीच ही. या सर्व क्रियेची खूण फळीवर उमटते: ज्या पायाने भार टाकला त्या बाजूचा खरखरीत ग्रिप टेप (पाय घसरू नये म्हणून फळीवर चिकटवलेली पट्टी) आधी झिजतो, ज्या बाजूला वळण अधिक तीव्र त्या बाजूची चाके शंकूसारखी घासली जातात, आणि पडताना जो हात आधी पुढे गेला त्या हातमोज्याचा तळवा फाटतो.

म्हणून अशा साहित्याची ‘साफसफाई’ ही कल्पनाच मुळात चुकीची आहे. याविषयी मी स्वतःच्या चुकीचे उदाहरण देतो. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका लहान संग्रहालयात (त्याचे नाव सांगण्याचे कारण नाही) एका लावणी कलावंत स्त्रीची चाळ आमच्याकडे आली. घुंगरांच्या त्या चामड्याच्या पट्ट्यांवर घामाचे, तेलाचे आणि हळदीचे थर बसले होते. मी नवखा होतो आणि उत्साहीही होतो. तीन दिवस खपून मी त्या पट्ट्या स्वच्छ केल्या, घुंगरे चिंचेने उजळली आणि वरिष्ठांची शाबासकी मिळवली. वर्षभराने एक वयस्कर ढोलकीवादक ते दालन पाहायला आले. चाळीजवळ बराच वेळ उभे राहून त्यांनी एवढेच विचारले, की उजव्या पायाच्या पट्टीवरची काळी रेघ कुठे गेली. त्या बाईंचा उजवा पाय ठेका धरताना अधिक जोरात पडत असे, त्यामुळे तिथली पट्टी घोट्यावर घासून काळी पडलेली होती, आणि त्यांच्या नृत्यशैलीची ती एकमेव दृश्य खूण होती. ती मी पुसून टाकली होती. त्या बाईंच्या नाचाचे एकही छायाचित्र, एकही चित्रफीत उपलब्ध नव्हती. त्यानंतर कोणतीही वापरलेली वस्तू पुसण्यापूर्वी ‘या डागातून काय वाचता येईल’ हा प्रश्न मी स्वतःला विचारत आलो.

ओयामा यांच्यासारख्या खेळाडूंच्या साहित्याला हाच न्याय लागतो, किंबहुना अधिक लागतो. कारण या खेळातील स्त्रियांविषयीचा लेखी पुरावा फार विरळ आहे. स्त्रियांच्या शर्यती झाल्या, पण स्पर्धांच्या बातम्यांत पुरुषांच्या गटाला परिच्छेद आणि स्त्रियांच्या गटाला एखादी ओळ, तीही असेलच असे नाही, अशी स्थिती दीर्घकाळ होती. जिथे वृत्तांत तोकडा आहे, तिथे गुडघ्याच्या पॅडवरचे घासलेले प्लास्टिक बोलते. ही बाई किती वेळा पडली, कोणत्या अंगावर पडली आणि पडूनही पुन्हा त्याच पॅडसह उतारावर गेली की नाही, हे त्यावरून सांगता येते. अर्थात ओरखडे सगळेच काही सांगत नाहीत. एखादा ओरखडा शर्यतीतला आहे की घराच्या गॅरेजमध्ये कोपऱ्यात पडून राहिल्याने आला, हे ठरवायला सहवासातील माणसांच्या आठवणी लागतात, आणि म्हणूनच वस्तू दाखल करून घेताना दात्याची मुलाखत नोंदवून ठेवणे हे वस्तूइतकेच महत्त्वाचे काम आहे.

चौकटीत आणखी एक वाक्य होते, की ‘पुरुषांच्या या खेळात स्त्रियांनी उशिरा प्रवेश केला.’ ही समजूत सर्रास आढळते, पण ती खरी नाही. १९६४ साली कॅलिफोर्नियातल्या एका जत्रेत पॅटी मॅकगी या तरुणीने स्केटबोर्डवर ताशी ४७ मैलांचा, म्हणजे सुमारे ७६ किलोमीटरचा वेग गाठून स्त्रियांचा वेगविक्रम नोंदवला होता, आणि त्या काळची चाके आजच्या चाकांसारखी नव्हती, हे लक्षात घेतले तर अंगावर काटा येतो. १९६५ मध्ये त्या स्त्रियांच्या गटात राष्ट्रीय विजेत्या ठरल्या. त्याच वर्षी १४ मे रोजीच्या ‘लाइफ’ या नियतकालिकाच्या मुखपृष्ठावर त्यांचे छायाचित्र छापून आले: फळीवर हात टेकून, पाय आकाशाकडे करून, अनवाणी, डोक्यावर कोणतेही शिरस्त्राण नाही. मुखपृष्ठावर स्केटबोर्डच्या वेडाचा आणि धोक्याचा उल्लेख होता. म्हणजे देशभर वाचल्या जाणाऱ्या नियतकालिकाने या खेळाचा चेहरा म्हणून निवडला तो एका मुलीचा. हॉल ऑफ फेममध्ये घेतलेल्या पहिल्या स्त्री खेळाडू म्हणून २०१० मध्ये मॅकगींचाच मान झाला. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांचे निधन झाले. तेव्हा स्त्रिया उशिरा आल्या असे म्हणण्याऐवजी, त्या पहिल्यापासून होत्या आणि मधल्या काळात खेळाच्या व्यवहाराने त्यांना बाजूला सारले, असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होईल.

बाजूला सारले म्हणजे काय, याचा एक आकडा पुरेसा आहे. २००५ सालच्या एक्स गेम्स या साहसी खेळांच्या अमेरिकी स्पर्धेत उभ्या भिंतीच्या प्रकारात पुरुष विजेत्याला ५०,००० डॉलर मिळाले आणि स्त्री विजेतीला २,०००. कारा-बेथ बर्नसाइड, मिमी नूप या स्केटबोर्डपटूंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संघटित होऊन भाग न घेण्याची तयारी दाखवली, तेव्हा कुठे आयोजकांशी बोलणी सुरू झाली आणि पुढे बक्षिसांच्या रकमा समान झाल्या. १९७०च्या दशकात तर प्रश्न बक्षिसाच्याही आधीचा होता: अंगावर घालायचे काय? स्केटबोर्डसाठी म्हणून हेल्मेटे आणि पॅड तयार होऊ लागले ते त्या दशकात. त्याआधी मुले-मुली दुसऱ्याच खेळांची, नाहीतर बागकामाची साधने वापरत. जे बाजारात आले तेही पुरुषांच्या मापाचे होते. बारीक हातावर सैल बसणारा कोपराचा पॅड पडताना नेमका सरकतो आणि कोपर उघडे पडते, हे कोणत्याही लहान चणीच्या खेळाडूला विचारावे. मग पट्ट्या आवळणे, नवीन भोक पाडणे, आत कापड भरणे अशा खटपटी होत. संग्रहालयात अशा साहित्यावर हाताने केलेले जादा शिवण दिसले, तर जतनकाराने ते ‘मूळ रचनेतील दोष’ समजून काढता कामा नये. साहित्य बनवणाऱ्याच्या डोळ्यांपुढे ही खेळाडू नव्हती आणि तिने ते आपले केले, हे त्या टाक्यांइतके स्पष्ट दुसरे काहीच सांगत नाही.

आता मूळ झळाळीच्या प्रश्नाकडे येतो. या साहित्याच्या बाबतीत मूळ स्थिती टिकवणे हेच मुळात अशक्यप्राय आहे, आणि त्याचे कारण या खेळाच्या इतिहासातच दडलेले आहे. १९६०च्या दशकातील चाके धातूची किंवा, बोलीभाषेत, मातीची असत. प्रत्यक्षात ती निरनिराळ्या पदार्थांच्या मिश्रणाची होती. ती कडक होती, रस्त्याला पकडत नव्हती, आणि वाटाण्याएवढा खडा आडवा आला तरी फळी जागीच थांबून स्वार पुढे फेकला जाई. अपघात वाढले, अनेक शहरांनी स्केटबोर्डला बंदी केली आणि ते वेड दोन-तीन वर्षांत ओसरले. खेळ परत आला तो चाकामुळे. व्हर्जिनिया राज्यातील पर्सेलव्हिल या गावी युरेथेन (पॉलियुरेथेन) या लवचीक प्लास्टिकचे सामान बनवणारा एक कारखाना होता. रोलर स्केटसाठी बनवलेली तिथली मऊ चाके फ्रँक नॅसवर्दी या तरुणाने १९७०च्या सुमारास आपल्या फळीला लावून पाहिली आणि ती रस्त्याला चिकटून धावतात हे त्याच्या लक्षात आले. पुढे कॅलिफोर्नियात जाऊन १९७२-७३ पासून त्याने ‘कॅडिलॅक’ या नावाने ती विकायला सुरुवात केली. सांताक्रूझ येथील एनएचएस या कंपनीने ‘रोड रायडर’ चाकात बंदिस्त बेअरिंग बसवले, तेव्हा सुट्या गोळ्या रस्त्यावर सांडण्याचा जाच संपला. मऊ चाक आणि बंदिस्त बेअरिंग यांच्याशिवाय ओयामा यांनी ज्या वेगाने शंकूंमधून वाट काढली, तो वेग शक्य नव्हता. कॅलिफोर्नियातील सिग्नल हिलच्या १९७५ ते १९७८ या काळातील उतार-शर्यतींत ताशी ८० किलोमीटरच्या आसपास पोहोचणारे स्वार याच चाकांवर उभे होते. (पर्सेलव्हिल ते वॉशिंग्टनमधील ते संग्रहालय हे अंतर सुमारे ८० किलोमीटरच आहे, या खेळाचा दुसरा जन्म जिथल्या कारखान्यात झाला, त्याच परिसरात त्याचा संग्रह जाऊन पोहोचला, याची मला मौज वाटते.)

पण हेच युरेथेन संग्रहालयाचे दुखणे आहे. ज्याने पावसाळ्यात कपाटातून जुने बूट बाहेर काढले आणि त्यांचा तळ चुरा होऊन जमिनीवर सांडलेला पाहिला, त्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. पॉलियुरेथेन हवेतील ओलावा शोषून घेते, त्याच्या रेणूंच्या साखळ्या तुटतात, आणि वर्षानुवर्षे वापरात न आलेले चाकही एके दिवशी हाताला चिकट लागते किंवा त्याला तडे जातात. हेल्मेटच्या आतील फोम असाच भुगा होतो. पॅडचे काही प्लास्टिक कडक व पिवळे पडते, आणि काही प्लास्टिकांतून निघणारी आम्ले शेजारच्या धातूलाही खातात. त्यामुळे एकाच खेळाडूचे हेल्मेट, फळी आणि पॅड एका पेटीत एकत्र ठेवणे प्रदर्शनासाठी कितीही शोभिवंत असले, तरी जतनाच्या दृष्टीने घातक ठरते. त्यांना वेगवेगळे, थंड, कोरड्या आणि अंधाऱ्या भांडारात ठेवावे लागते, आणि वर्षातील काही महिनेच बाहेर काढून दाखवता येते. एवढे करूनही ऱ्हास थांबत नाही, फक्त मंदावतो. गंमत अशी, की ६०च्या दशकातील ती कडक, टाकाऊ ठरलेली मातीची चाके कदाचित पुष्कळ काळ टिकून राहतील, आणि ज्या चाकांनी खेळ वाचवला ती मात्र नाहीशी होतील. म्हणूनच चाकाची आजची छायाचित्रे, मापे, कडकपणाचे आकडे आणि झिजेचे आरेखन ही नोंद वस्तूइतकीच मौल्यवान मानावी लागते. झळाळीच्या नादात नवे चाक बसवले, तर ते दालनात सुंदर दिसेल, पण ते ओयामा यांचे चाक नसेल.

याच संग्रहालयाने स्केटबोर्डपटू सिंडी व्हाइटहेड यांचे साहित्य स्वीकारले आहे, आणि या खेळातील विख्यात खेळाडू टोनी हॉक यांची बालपणीची निळी फळीही तिथे आहे. हॉक यांच्या फळीपुढे गर्दी होणे स्वाभाविक आहे, कारण नावामागून माणसे येतात. ओयामा यांच्या साहित्याला ते वलय नाही. शंकूंच्या शर्यतीचा ऑलिंपिकमध्ये समावेशही नाही. टोकियोत २०२१ साली जे स्केटबोर्ड दिसले ते रस्ता आणि पार्क या दोनच प्रकारांत होते आणि मोमिजी निशिया या १३ वर्षांच्या जपानी मुलीचे सुवर्णपदक जगाने पाहिले. ऑलिंपिकच्या मंचाबाहेरच्या प्रकारातील एका स्त्रीचे साहित्य राष्ट्रीय संग्रहालयाने दाखल करून घेतले, यात त्या संस्थेची दृष्टी मला दिसते. विजेत्याचा चषक कोणीही ठेवून घेईल. घासलेला पॅड ठेवून घेण्यासाठी तो काय आहे हे ओळखणारा माणूस लागतो.

हे ओळखण्याची परंपरा आपल्याकडे नाही असे नव्हे. पुण्यातील राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्ते, दिवे, वज्र्या अशा रोजच्या वापरातील शेकडो वस्तू आहेत, आणि त्या जमवताना डॉ. दिनकर केळकरांनी राजेरजवाड्यांच्या दागिन्यांपेक्षा सामान्य माणसाच्या हाताचा स्पर्श शोधला. न्हाणीघरात पाय घासायची वज्री संग्रहालयात शोभते, तर शर्यतीत कोपर वाचवणारा पॅड का शोभू नये, एवढाच प्रश्न मला त्या चेष्टा करणाऱ्या वाचकांना विचारावासा वाटतो. खेळाच्या बाबतीत मात्र आपल्याकडे पुरुषांच्या बॅटा आणि पदके यांच्यापलीकडे नजर फारशी जात नाही. पुण्याच्या श्रद्धा गायकवाड यांनी २०२२ मध्ये गुजरातेत झालेल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत स्केटबोर्डिंगचे सुवर्णपदक मिळवले, तेव्हा वर्तमानपत्रांनी पदकाची दखल घेतली. त्यांनी सराव सुरू केला ती पहिली फळी आज कुठे आहे, तिची चाके कोणत्या बाजूने झिजली आहेत, हे कोणी विचारल्याचे माझ्या वाचनात आले नाही. ती फळी आजच मागून घ्यावी असे मी सुचवत नाही. चालू खेळाडूला तिच्या फळीची गरज असते. पण ती मोडीत जाण्यापूर्वी तिचे छायाचित्र, माप आणि खेळाडूच्या स्वतःच्या शब्दांतील दोन पाने टिपण कोणत्याही जिल्हा संग्रहालयाला एका दिवसात करून ठेवता येईल, आणि त्याला एक छदामही खर्च येत नाही.

आपल्याला माझी विनंती छोटी आहे. पुरवणीत या विषयावर पुन्हा काही छापाल, तेव्हा साहित्याचे छायाचित्र सजवलेल्या कपाटासमोरून न घेता जवळून, आणि फळीच्या बाबतीत खालच्या बाजूने घेतलेले मिळते का पाहावे. ट्रकच्या कडेवरचे ओरखडे आणि चाकांची झीज तिथेच दिसते. छायाचित्राखाली वस्तूचा दाखल क्रमांक, काळ आणि साहित्य कशाचे बनले आहे हे एका ओळीत द्यावे. आणि ‘झळाळी’ हा शब्द, कृपा करून, देऊ नये.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक निवृत्त वस्तुसंवर्धक, पुणे
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)